हँडल मारणाऱ्याचा फोटो

पुणे सोडलं तेव्हाच कंबर दुखत होती. साठीला टेकलेल्या माणसानं एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून घाट उतरणं ही शिक्षाच. पण पनवेलच्या गजाननाचं, माझ्या बालमित्राचं, पत्र आलं होतं : "तुझ्या वडिलांचा आल्बम घेऊन ये. मिठागरावरच्या धाकलीबायला नवऱ्याचा फोटो बघायचाय. दुसरा कुठलाच फोटो नाही, आणि तिची नजर चालली आहे. आळस करू नकोस."

चाळीस वर्षांपूर्वी वडिलांचं पनवेलात फोटोचं दुकान होतं. आल्बम तेवढा माझ्याकडे उरला.

पळस्प्याला गाडी पंक्चर झाली. गोव्याकडे निघालेल्या ट्रकांची धूळ खाण्यापेक्षा टांगा बरा म्हटलं. टांगेवाल्या चाचांनी आल्बमविषयी विचारलं. मी सांगितलं.

"मोटारीचे फोटो? हिनंच तर आमची रोटी खाल्ली, साहेब," ते म्हणाले, आणि घोडा थांबवून एकेक पान बघत बसले. उन्हात माझा जीव चालला होता.

गजानन बैलगाडीची चाकं करतो. त्याच्या ओटीवर बसून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (सुकवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी खाल्ली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. मग आल्बम उघडला. खाडीतली गलबतं, बाजारपेठ, आणि हार घातलेली गावातली पहिली मोटार, शेजारी तिचे मालक शेठ. आळी लोटली. "शेठची ऐट बघा! मिशा बघा!" मला मात्र आडवं व्हायचं होतं.

तेवढ्यात धाकलीबाय आली. मी नवऱ्याचं नाव विचारलं आणि चुकलो.

"नाव कसा घेऊ? शेठच्या मोटारीचा हँडल मारायला होता तो."

मी घाईघाईनं पानं उलटली. मोटारीचे फोटो तीन. तिन्हींत हँडल मारणारा गडी मोटारीकडे तोंड करून वाकलेला, कॅमेऱ्याकडे पाठ. गाडी सुरू होतेय असं दिसावं म्हणून वडिलांनीच त्याला तसं वाकवलं असणार. शेठच्या मिशीचा केस न् केस दिसतो, आणि या माणसाचं तोंड कुठेच नाही. वडिलांचा राग आला, शरमही वाटली.

"बाय, तोंड दिसत नाही हो कशातच," मी कसंबसं म्हणालो.

तिनं आल्बम उचलून एक फोटो डोळ्यांशी नेला.

"तोच हाय," ती म्हणाली. "डावा खांदा उतरलाय ना, तो मिठाच्या पाट्यांनी. तोंड कवा बघितला मी? चार मानसांत मान वर करायची सोय नव्हती. बाजाराला तो फुडं, मी मागं. पाठच माजे ओलखीची हाय."

आल्बमच्या कोपऱ्यांतून फोटो सोडवून मी तिच्या हातात दिला. दुसरी प्रत नव्हती, हे सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत कंबरेनं पुन्हा सूड उगवला. खंडाळ्याला चहासाठीही उतरलो नाही. आल्बमात आता एक चौकोन रिकामा आहे. वडिलांनी फोटो मोटारीचा काढला होता, तो पोचला मात्र भलतीकडेच. मिटल्या डोळ्यांपुढून धाकलीबाय हलत नव्हती. फोटो दोन्ही हातांनी समोर धरून ती मिठागराच्या बांधावरून घरी निघाली होती : तो पुढे, ती मागे.