पुष्पाबाईचा थाळीतला वड

मोताळ्यात पुष्पाबाईच्या घरी वड होता आणि तो मातीच्या थाळीत होता, हेच गल्लीला खुपायचं. तिचे वडील बुलडाण्याच्या डाकबंगल्यावर माळी. ही विद्या त्यांचीच. लग्न होऊन आली त्याच वर्षी विहिरीच्या कठड्यात उगवलेलं बोटभर रोप तिनं काढून आणलं आणि नऊ वर्षांत त्याचा वीतभर उंचीचा डेरेदार वड केला. उन्हाळ्यात पानं खुडायची, म्हणजे नवी बारीक येतात. मुळं छाटायची, चिकावर राख दाबायची. पाण्याच्या पंपाच्या जळक्या मोटारीची तांब्याची तार गुंडाळून फांदीला वळण द्यायचं आणि ती सालीत रुतायच्या आत सोडायची. एक पारंबी तर दोन पावसाळे ओल्या चिंध्या बांधून तिनं मातीपर्यंत आणली होती. लेकरासारखं वाढवलं, असं मात्र तिच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. तिला मूल नव्हतं.

मग काय, गल्लीला कारण सापडलं. सासू सरस्वतीबाई येईल त्याला सांगायची, "ज्या घरात वड कोंडला, त्या घरात पाळणा कसा हालंन?" शेजारची वच्छलाबाई मान डोलवायची. ही बाई दारचा लिंब बकऱ्यांसाठी बारा महिने ओरबाडायची, त्याचं पाप कोणाला लागत नव्हतं. नवरा सहदेव मास्तर होता. शाळेत पोरांना विज्ञान शिकवायचा आणि घरी आईपुढे मुका व्हायचा. चीड येते ती अशा माणसाची.

सदुसष्ट साली वडील आजारी म्हणून पुष्पाबाई चार दिवस माहेरी गेली. वटपौर्णिमेच्या दुपारी परतली, तर थाळीचे दोन तुकडे ओट्याखाली पडलेले. वड परसात जमिनीत रोवलेला. तार ओढून काढताना साल सोललेली, पारंबी तुटलेली. त्यावर गल्लीतल्या बायकांनी इतकं सूत गुंडाळलं होतं की पानं दिसत नव्हती. खड्डा सहदेवनं स्वतः खणला होता.

पुष्पाबाई कात्री घेऊन खाली बसली आणि सूत कापू लागली.

"पूजलेलं झाड हाय, हात नको लावू," सरस्वतीबाई ओरडली. कुंपणापाशी वच्छलाबाई आणि आणखी तिघीजणी येऊन उभ्या राहिल्या.

"राहू दे न," सहदेव म्हणाला. "माय म्हनते तं राहू दे. झाडच तं हाय."

पुष्पाबाईनं मुळांसकट वड उचलला. ती सहदेवकडे वळली.

"मले डाक्टरीनबाईनं दोनदा तपासलं. माह्यात खोट नाही म्हने. तिनं तुमाले बलावलं होतं, त्याले तीन वर्सं झाले. तुमची लाज राखाले मी तोंड शिवून बसली. माही तपासनी झाली, आता या झाडाचीबी झाली. तुमी कवा जाता?"

सरस्वतीबाईनं लेकाकडे पाहिलं. लेक खड्ड्याकडे पाहत राहिला. कुंपणापाशी ऐकलं सगळ्यांनी.

पुष्पाबाई स्वयंपाकघरात गेली. पीठ मळायची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, परात घेऊन आली, दगडानं खिळा ठोकून तिला पाच भोकं पाडली, विटांचा चुरा पसरला आणि वड तिच्यात बसवला. संध्याकाळी भाकरीचं पीठ कशात मळायचं, हे तिला विचारायची घरात कोणाचीच हिंमत झाली नाही.