मालनमावशींचे काळे पत्रे

मालनमावशी चहाचा कप तीनदा विसळायच्या. पण बिस्किटं भाजायच्या लोखंडी पत्र्यांना पाण्याचा थेंब लागू द्यायच्या नाहीत. पत्रे काळेकुट्ट. कोरड्या फडक्यानं ते असे पुसायच्या, जणू तान्ह्या बाळाचं अंग. नवा चकचकीत पत्रा आला की तेल चोळून आठवडाभर रिकामाच भट्टीत तापवायच्या. "अजून कच्चा हाय त्यो," म्हणायच्या. कामाला आलेल्या नव्या बायकांकडेही त्याच नजरेनं बघायच्या.

मावशी मागच्या थंडीत वारल्या. पलूसच्या त्यांच्या भट्टीवर बायका घरून पीठ, गूळ, तूप आणून बिस्किटं भाजून न्यायच्या. मी यवतमाळकडची, आठवीत शाळा सुटलेली, नवऱ्याच्या कामामुळे इथे आलेली आणि मावशींच्या हाताखाली भट्टीवर लागलेली. हे काम जाईल या धास्तीनं सांगितलेलं एकदा आणि न सांगितलेलं दोनदा करायची.

तशीच एका सकाळी, मावशी बाजारात गेल्या असताना, चारही पत्रे चिंच आणि तारेच्या घासणीनं लख्ख केले. मावशी आल्या, पत्र्यात वाकून बघितलं.

"आगं, माजं पांढरं क्यास दिसाय लागलं की ह्यात!"

"मावशी, लय घाण होती जी..."

"घाण न्हवं बाई, धा वर्सांचं तेल मुरलंवतं त्ये!"

तेवढ्यात सुमनकाकू पीठ घेऊन दारात. त्यांचा मुलगा फौजेत. रजा संपवून दुपारच्या गाडीनं निघणार होता, डबा त्याच्यासाठी. मावशींनी पत्र्यांना भरपूर तूप लावलं, तरी गुळाची बिस्किटं बुडाला धरली. उलथन्यानं काढली, तर सगळा चुरा.

"मालन, ह्ये काय गं?" काकूंनी चुरा चिमटीत धरून विचारलं.

"माजी चूक हाय. पत्रं मीच घासाय लावलं," मावशी म्हणाल्या. मी तोंड उघडलं, तर माझ्याकडे असं बघितलं, की मिटलंच.

मग मावशींनी शेजारच्या तीन घरांतून भाकरीचे काळे तवे आणले, स्वतःच्या घरचं पीठ-गूळ घेतलं आणि तव्यांवरच बिस्किटं भट्टीत घातली. कडेची जरा वाकडी झाली. पण गाडीच्या आधी डबा भरला.

काकू गेल्यावर मी माझी पिशवी उचलली. "मावशी, मी जाऊ?"

"जा की. पन आदी ह्यो चुरा खा. आन उद्या येळंवर ये. आज धा मिन्टं उशीर केलावतास."

पहिला घास घेतला आणि मला रडूच फुटलं.

मावशींनी चिमूटभर चुरा स्वतःच्या तोंडात टाकला, चावून बघितला.

"रडण्याएवडं काय वाईट झालं न्हाई गं त्ये."