थांब्यावरची मोहरी

भूत, बाधा, करणी... मी आयुष्यात मानली नाही, आजही मानत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही भिवंडीचे, मी सरकारी नर्स. बाळंतपणात बाई दगावली की घरी जाऊन ती का गेली ते विचारायचं, ही माझी ड्युटी. कारण कळलं तर पुढची वाचेल, इतकं साधं. पडघ्याच्या पुढे, नाशिक हायवेच्या फाट्यावरून आत एक गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथली सुगंधा पहिल्याच खेपेला गेली. मूल वाचलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर स्मशानापासून घरापर्यंत वाटेवर मोहरी टाकलेली. बाळंतीण मेली की अळवंतीण होऊन परत येते म्हणे. तिने दाणे वेचत बसावं, घरापर्यंत पोचू नये, म्हणून ही सोय. मेल्यावरही बाईचं निवडणं-टिपणं सुटत नाही बघा!

सासू म्हणाली, "घरातच गेली, बाय. डोलं मिटलं नी गेली. तिला बाधलं व्हतं." दाराआड धाकटी सून मंजुळा उभी होती, सातवा महिना लागलेला. अळवंतीण पोटुशीला धरते, म्हणून भगताने तिला बाळंत होईपर्यंत उंबरठा ओलांडायची बंदी केली होती. म्हणजे हिचंही बाळंतपण सुगंधा बाळंत झाली त्याच अंधाऱ्या खोलीत! माझं डोकंच फिरलं.

दोन दिवसांनी पुन्हा गेले. भर दुपारी फाट्यावर एसटीतून उतरले, आणि थांब्याच्या सिमेंटच्या बाकावर बघते तर — मोहरीची रास. ओंजळभर, स्वच्छ निवडलेली, एक खडा नाही. इथे तर कुणी मोहरी टाकलीच नव्हती. गावात शिरले तर सगळी वाट मोकळी, औषधालाही दाणा नाही. अंगावर काटा आला... खोटं कशाला बोलू?

सासूला विचारलं, "मावशी, वाटेवरची मोहरी थांब्यावर कुणी नेऊन ठेवली?"

ती उंबऱ्यावर येऊन बसली. "थांब्यावर?... तितंच गेली ती, बाय. माझ्या मांडीवर."

मग सगळं बाहेर आलं. मूल झालं, पण वार पडलीच नाही. रक्त थांबेना. डोलीत घालून तिला फाट्यावर आणलं. ट्रक, जीप, टेम्पो, दिसेल त्याला हात केला. रक्त बघून एकजणही थांबला नाही.

"रस्त्यावर मेली आसं कसं सांगू? गाव थुकल तोंडावर. नी भायेर मेलेली त नक्की मागं येल, म्हून..."

"ती मागे येत नाही हो, ती अजून गाडीची वाट बघतेय!" मी ओरडलेच. असं का बोलले, मलाही माहीत नाही.

नववा लागला की मंजुळाला भिवंडीला माझ्या घरी पाठवा, म्हटलं. सासरा उखडला. "उंबऱ्याभायेर पाय टाकला त धरल तिला!"

सासू उठून उभी राहिली. "धरायची त मना धरल. मी व्हते तिच्याजवल. मंजुला जानार."

आणि स्वतः घेऊन आली तिला. मंजुळाचीही वार अडकली. तसंच रक्त. पण हॉस्पिटलात होती, डॉक्टरांनी वार हाताने काढली, रक्त चढवलं. मंजुळा वाचली; तेव्हा झालेली मुलगी पुढे शाळेतही गेली.

मोहरी कुणी वेचली? वाचून तुम्ही मला लिहाल — मुंग्यांनी, पाखरांनी, सासूने. लिहा खुशाल. मी सगळं ताडून पाहिलंय, कशाचाच मेळ बसत नाही. पण सुगंधा कशाने गेली ते मला पक्कं ठाऊक आहे. वार अडकली, रक्त गेलं, आणि भरल्या हायवेवर एकही गाडी थांबली नाही. यापुढे तिला कुणी अळवंतीण म्हणालं, तर गाठ माझ्याशी आहे.