एनिडबाईंची फोनसाखळी

वणव्याच्या मोसमाआधी, ऑक्टोबरात, एनिड रँकिन फाटकाशी उभ्या दिसल्या की आमच्या येरिन्डातली माणसं व्हरांड्यातला पसारा लपवायला धावतात. बाई सत्तरीच्या पुढच्या, उंचीला बेताच्या, डोक्यावर नवऱ्याची जुनी हॅट आणि हातात लांब काठी. त्या काठीनं त्या तुमच्या पन्हळीतला निलगिरीचा पाचोळा ओढून काढतात, तुमच्याच पायाशी पाडतात आणि काही न बोलता पुढे जातात. बोलल्या तर जास्त त्रास होतो.

"ग्लेनिस, हे काय आहे?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"पायपुसणं."

"कशाचं?"

"काथ्याचं."

"म्हणजे दाराशी सरपण रचून ठेवलंयस. काडी तेवढी ओढायची राहिलीय."

मी पायपुसणं उचलून शेळ्यांच्या गोठ्यात टाकलं. त्या वळणापलीकडे गेल्यावर परत आणून ठेवलं. मग डिसेंबरच्या उन्हाळ्यात उत्तरेचा तापलेला वारा सुटला तेव्हा गुपचूप पुन्हा गोठ्यात नेऊन टाकलं. आमच्या डोंगरावर बहुतेक घरांत त्यांचं म्हणणं असंच ऐकलं जातं, थोड्या उशिरानं आणि त्यांची पाठ वळल्यावर.

त्यांच्या स्वतःच्या घराभोवती तर पेटेल असं काहीच नाही. झुडूप नाही, वेल नाही, फुलझाड नाही. नवरा क्लॅरी उन्हाळाभर लोखंडी खुर्चीत बसतो, कारण वेताची खुर्ची नोव्हेंबरात शेडमध्ये जाते. लोखंडाचा चटका बसतो, पण क्लॅरी तक्रार करत नाही. तो कसलीच तक्रार करत नाही. लग्नात त्याच्या वाटचं बोलणंही बाईंना मिळालं असावं, असं आम्ही म्हणतो.

नाताळच्या सुट्टीत नातवंडं मेलबर्नहून येतात. प्रत्येकाच्या पलंगाखाली चामडी बूट, सुती विजार आणि लोकरीचं ब्लँकेट. पहिल्याच दिवशी सराव होतो: शिट्टी वाजली की बूट घालायचे, कुत्रा धरायचा, कोंबड्या खोक्यात कोंबायच्या आणि गाडीत बसायचं. ज्याला उशीर होईल त्यानं कोंबड्या परत खुराड्यात न्यायच्या. सून पहिल्यांदा घरी आली तेव्हा बाईंनी तिचा छान निळा नायलॉनचा झगा दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "हा वितळेल." सासूचे पहिले शब्द म्हणून ती ते अजून सगळ्यांना सांगते.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पन्हळ साफ करता करता. त्या नऊ वर्षांच्या असताना मोठा वणवा आला होता. खालची सगळी घरं वेळेत निघाली. वरच्या खोऱ्यातल्या डग्गन कुटुंबाला कुणी कळवलंच नाही. "प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं कळवलं असेल," बाई म्हणाल्या. डग्गनांची धाकटी शाळेत त्यांच्या शेजारी बसायची. एवढं सांगून त्यांनी काठी पुन्हा वर नेली.

म्हणून त्यांनी फोनसाखळी काढली. आमच्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही, सगळ्यांकडे घरचे फोन आहेत. बाई पहिल्या घराला फोन करणार, ते दुसऱ्याला, असं करत डोंगर चढायचा. मी शेवटून दुसरी. मी लिंडसेला फोन करायचा, कारण त्याच्या वर घरच नाही. आणि लिंडसेनं उलट बाईंना फोन करून "पोचलं" म्हणायचं. म्हणजे साखळी कुठं तुटली नाही हे त्यांना कळतं. तो फोन आल्याशिवाय बाई घर सोडणार नाहीत, हा त्यांचा नियम. हा नियम आमच्यापैकी कुणालाच आवडत नव्हता, पण तो बदला असं त्यांना सांगणार कोण?

पंचाईत अशी की लिंडसे टॅडगेल त्यांचा सख्खा भाऊ, आणि दोघांचं बोलणं बंद.

भांडण पाण्यावरून झालं. वडिलांच्या पश्चात खालचं घर बाईंना आलं, वरचं लिंडसेला. दोघांच्या कुंपणाच्या पार वरच्या टोकाला, टेकाडावर, वडिलांनी बांधलेली सिमेंटची टाकी आहे. तिला एकच कॉक. डावीकडे फिरवला की पाणी लिंडसेला, उजवीकडे फिरवला की बाईंना, मध्ये ठेवला की दोघांना निम्मं निम्मं. नोव्हेंबरपासून टाकी वणव्यासाठी भरलेली ठेवायची, असं बाईंचं म्हणणं. लिंडसे प्रदर्शनासाठी डेलिया लावतो. एका कडक उन्हाच्या फेब्रुवारीत त्यानं कॉक डावीकडे फिरवला आणि टाकी अर्धी केली. त्या वर्षी त्याच्या डेलियाला पहिलं बक्षीस मिळालं. गावच्या हॉलमध्ये कप हातात घेऊन तो उभा होता, टाळ्या चालल्या होत्या, आणि बाई उठून म्हणाल्या, "माझ्या नातवंडांच्या वाटचं पाणी फुलांना घातलंस. कप त्यांना दे." लिंडसेनं कप टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला. कप अजून हॉलच्या कपाटात आहे. त्यात आम्ही चहाचे चमचे ठेवतो.

क्लॅरीनं वर जाऊन कॉक मध्ये आणला, तारेनं बांधला आणि म्हणाला, "आता याला कुणी हात लावायचा नाही." त्याचं हे आम्हाला माहीत असलेलं सगळ्यात लांब भाषण.

त्यानंतर बारा वर्षं भावाबहिणीत साखळीपुरतंच बोलणं झालं. तो म्हणायचा, "पोचलं." त्या फोन ठेवायच्या.

लिंडसे साखळी मात्र चुकवत नसे. बाकी बाईंनी जे सांगितलं असेल त्याच्या नेमकं उलट करायचा. घरात एक तरी जुना तारेचा फोन ठेवा, लाइट गेली की बिनतारी फोन बंद पडतो, हे बाई दरवर्षी हॉलमध्ये घसा फोडून सांगायच्या. मीही लिंडसेला सांगून पाहिलं.

"कुणी सांगितलं तुला?" तो म्हणाला.

"त्यांनीच."

"मग नको." आणि त्यानं नवा बिनतारी फोन आणला. डेलियाच्या वाफ्यात उभं राहून बोलता येतं म्हणाला.

गेल्या फेब्रुवारीत तो दिवस आला. हॉलबाहेरच्या, वणव्याचा धोका दाखवणाऱ्या फलकावरचा काटा सकाळीच लाल रंगाच्या टोकाला गेला होता. वारा उत्तरेचा, झाडांवरची पाखरं चोच उघडी टाकून बसलेली. पोरंबाळं असलेली घरं सकाळीच खाली शहरात गेली. बाकीचे आम्ही गाडीचं तोंड रस्त्याकडे करून फोनपाशी बसलो. दुपारी माझा फोन वाजला. मी लिंडसेला लावला.

"साखळी," मी म्हणाले. "माथ्यापलीकडे धूर आहे. नीघ."

"दिसतोय मला. बरं." त्यानं फोन ठेवला, आणि त्याच क्षणी माझा फ्रिज घरघरायचा थांबला. माझ्या काही ध्यानात आलं नाही. मी शेळ्या गाडीत चढवत होते आणि एक शेळी माझ्या मताशी सहमत नव्हती.

खाली यायला बाईंच्या फाटकावरूनच रस्ता आहे. पिकअप भरून उभी होती. आत क्लॅरी मांडीवर कुत्रा घेऊन बसलेला, पायाशी कोंबड्यांचं खोकं. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभ्या. तारेचा फोन त्यांनी खिडकीत ओढून ठेवला होता. छपरावरचे फवारे सकाळपासून चालू होते, पण निम्म्या पाण्यावर ते नुसते ठिबकत होते.

"बाई, चला ना! काय बघताय?"

"फोन आलेला नाही."

"मी बोललेय त्याच्याशी. 'बरं' म्हणाला."

"'बरं' नाही. 'पोचलं' म्हणायचं असतं."

"अहो, लाइट गेलीय! त्याचा फोन बंद पडला असणार."

बाई म्हणाल्या, "तारेचा ठेवा म्हणून सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलं म्हणूनच ठेवला नाही त्यानं!"

हे मी ओरडून म्हणाले. घाबरले होते मी. राख पडायला लागली होती आणि माथ्यामागून मालगाडी जावी तसा आवाज येत होता. बाईंनी हॅट घट्ट केली आणि त्या पिकअपकडे निघाल्या. "क्लॅरी, तू ग्लेनिसच्या गाडीत बस. मी वर जाऊन येते."

क्लॅरी हलला नाही. मी माझी गाडी शेळ्यांसकट त्यांच्या पिकअपपुढे आडवी घातली.

"बाजूला हो."

"नाही होत. कळलंय त्याला. तो येईल."

"डग्गनांच्या वेळी सगळे हेच म्हणाले," बाई म्हणाल्या. "कळलं असेल. येतील." त्यांनी पिकअपचं दार उघडलं. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

तेवढ्यात छपरावर सळसळ झाली. ठिबकणारे फवारे एकाएकी उसळले. पाणी पत्र्यावरून, पन्हळीतून, भिंतींवरून धो धो खाली यायला लागलं. पिकअपच्या काचेवर आलं.

"एनिड," क्लॅरी म्हणाला. "पाणी."

"दिसतंय."

"पूर्ण आलंय."

बाईंनी टेकाडाकडे पाहिलं. टेकाड दिसतच नव्हतं, नुसता तपकिरी धूर. कॉक उजवीकडे फिरवायचा तर त्या धुरात चढून जावं लागणार होतं, आणि तारा सोडाव्या लागणार होत्या. एवढं लक्षात आल्यावर बाई पायरीवर बसल्या. पायरी ओली होती.

मग हॉर्न ऐकू आला. धुरातून दिवे लावलेली लिंडसेची पिकअप उतरली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्या फाटकातून आत शिरली. त्यानं काच खाली केली. भुवया जळालेल्या, तोंड काळं.

"पोचलं," तो म्हणाला.

बाई उठल्या. "तुझ्या घराला पाणी?"

"माझ्या घरात कोण आहे?"

"आणि डेलिया?"

"त्यांना सकाळीच घातलंय."

टाकीतलं, फेब्रुवारीत, काटा लालवर असताना. बाईंनी तोंड उघडलं. त्यांनी तोंड मिटलं.

"पुढे हो," त्या म्हणाल्या. "मी मागून येते."

"साखळीत शेवटचा मी आहे. तू नीघ."

"मोठी मी आहे."

"मला माहीत आहे ते, म्हातारे. नीघ!"

माथा पेटलेला असताना हे दोघं कोण मागे राहणार यावर भांडत होते. शेवटी क्लॅरीनं हात लांबवून हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. कोंबड्यांनी आकांत मांडला. बाई गाडीत बसल्या. मी पुढे, मग त्या, शेवटी लिंडसे, असे आम्ही खाली आलो.

लिंडसेचं घर गेलं. धुराडं तेवढं उरलं. बाईंच्या घराचा मागचा दरवाजा काळा झाला आणि एक खिडकी तडकली, बाकी ते उभं आहे. माझं का वाचलं ते कुणाला सांगता येत नाही. गोठा मात्र पायपुसण्यासकट गेला. काही दिवसांनी लिंडसेनं राखेत खणून पाहिलं, तर डेलियाचे कंद जमिनीखाली शाबूत होते. ते एका पोत्यात भरून तो बाईंच्या आवारातल्या कॅरव्हॅनमध्ये राहायला आला. घर बांधून होईपर्यंत, तात्पुरता. कॅरव्हॅन छपरापासून किती लांब उभी करायची यावरून पहिल्याच संध्याकाळी दोघांचं वाजलं.

परवा, ऑक्टोबरात, साखळीची चाचणी झाली. माझा फोन वाजला. पुढचा फोन मी लिंडसेला करायचा होता. लिंडसेचा नंबर आता बाईंचाच.

"बोल," बाई म्हणाल्या.

"साखळी. लिंडसेला हवीय."

"थांब." रिसीव्हर खिडकीत आपटल्याचा आवाज आला. मग बाईंची हाक माझ्या घरापर्यंत फोनशिवायही आली असती. "लिंडसे! साखळी!"

खिडकीबाहेरून उत्तर आलं. "पोचलं!"

आता बाई नेहमीसारखा फोन ठेवतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी ठेवला नाही. त्या खिडकीतूनच ओरडत होत्या.

"पोचलं ना? मग हात धुऊन ये, चॉप्स थंड होतायत! आणि ते टाकीचं पाणी आधी बंद कर!"

लिंडसे काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. खिडकीखाली त्यानं डेलिया लावलेत, आणि बाईंनी ते लावू दिलेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"किती राहिलेत?" बाईंनी विचारलं.

तो पुन्हा काहीतरी म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या. "तेवढ्यांना घालून ये."