‘माय’ म्हटल्यावर काय द्यावे?

आजारी माणसाने ‘माय’ म्हटले, तर त्याला काय द्यावे, हा माझा प्रश्न होता. हा शब्द मराठीत आईचा, कुवेतच्या अरबीत पाण्याचा. तिथल्या फहाहील शहरातल्या आमच्या रुग्णालयातले रत्नागिरीकडचे वयस्क वॉर्डबॉय चाचा ही हाक ऐकताच एका हातात पेला घेत आणि दुसऱ्या हाताने बसायला स्टूल ओढत. रुग्ण कुठलाही असो.

एकदा, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया असलेल्या कुवेती आजोबांनी तशी हाक दिली.

“चाचा, स्टूल कशाला? ते पाणीच मागताहेत,” मी म्हणाले.

“असू द्या, सिस्टर. तहान असली तर पेला धरतील, भीती असली तर माझा हात.”

आजोबांनी दोन घोट घेतले, पेला परत दिला. चाचांची बाही मात्र सोडली नाही.

वाचकांनी एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसून हे स्वतः पडताळून पाहावे.