ओठांवर पहारा

प्रार्थना चालू असताना डोळे मिटायचे, असा आमच्या शाळेचा नियम होता. तरी वर्गात गेल्यावर गुरुजी रोज विचारायचे, "आज कोणाचे डोळे उघडे होते?" आणि रोज कुणीतरी कुणाचं तरी नाव सांगायचं. नाव सांगणारीनं ते पाहिलं कसं, हे गुरुजींनी कधी विचारलं नाही. तेव्हापासून डोळे मिटून उभ्या राहिलेल्या माणसांवर माझा भरवसा नाही. घरातले मला संशयी म्हातारी म्हणतात. म्हणोत बापडे.

ही अकोल्याची, नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेची गोष्ट. मी चौथीत होते. शाळेपुढे ओटा होता आणि ओट्यावर भिंतीला सरस्वतीची मोठी तसबीर. सकाळी मी एक ओळ म्हणायची आणि माझ्या मागून सगळ्या शाळेनं ती म्हणायची. मी ओट्याच्या पायरीवर उभी राहायची, वर ओट्यावर नाही. वर चढू नको असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते आमच्या वस्तीतल्या पोरींना न सांगताच कळत असे. शुक्रवारी तसबिरीला हार घालायच्या त्या दुसऱ्या मुली. नंतर गूळ-फुटाण्याचा प्रसाद वाटला जाई, तो माझ्या ओंजळीत जरा उंचावरून पडे. काही फुटाणे खाली सांडायचे, ते मी वेचून घ्यायची. देवीला माझा गळा चालत होता, हात चालत नव्हता. पण खरं सांगते, तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी तोंड उघडलं की पाटलांच्या पोरीपासून वकिलांच्या पोरीपर्यंत सगळ्यांनी माझ्या मागून म्हणायचं, हे सुख मला दुसरं कुठं मिळणार होतं?

माझा बाप, आम्ही त्याला बा म्हणायचो, रेल्वेत काटेवाला होता. ज्या रुळावरून गाडी जायची तो रूळ जोडून द्यायचा, हे त्याचं काम. रूळ लागला असं दुसऱ्यानं सांगितलं तरी बा स्वतः जाऊन, वाकून, हात लावून बघायचा. "सांगतलेलं अन् पाह्यलेलं येक नसते," असं तो म्हणायचा. स्टेशनात हा गुण होता. घरात मात्र त्याचा जाच व्हायचा.

त्या वर्षी, छप्पन सालच्या दसऱ्याला, बा आणि आई नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आले. आल्या आल्या घरातले देव मोर्णा नदीत गेले. आईनं एखादा देव नक्की मागं ठेवला असणार, असं बाच्या मनानं घेतलं. त्यानं पिठाचा डबा चाळून पाहिला, गोधड्या झटकल्या, चुलीमागची वीट हलवून पाहिली. काही निघालं नाही. आई म्हणाली, "आता माह्या पोटात पाह्यता काय?" बाचं समाधान झालं नव्हतं, हे दिसत होतं.

मग त्याची नजर माझ्याकडं वळली. "शाळेत सकायी काय म्हणता वं तुमी?"

मी मोठ्या दिमाखात सगळी प्रार्थना म्हणून दाखवली. बा खाली बघत शेवटपर्यंत ऐकत होता.

"कोणाची हाय हे?"

"देवीची."

"तिले हार कोण घालते?"

मी मुलींची नावं सांगितली.

"तू कावून नाही घालत?"

मी त्याच मुलींची नावं पुन्हा सांगितली.

"ज्या देवीले तुह्या हातचं फूल चालत नाही," बा म्हणाला, "तिले तुहा गळा कावून पायजे?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजही कुणी दिलेलं नाही. त्या वेळी मात्र मला बाचा राग आला. प्रश्न त्याचा बरोबर होता, पण जाणार होतं ते माझं गाणं.

दुसऱ्या दिवशी बा रेल्वेच्या निळ्या कपड्यांतच हेडमास्तरांकडं गेला. मी दाराशी उभी होते. हेडमास्तरांनी त्याला खुर्ची दिली. बा बसला नाही. आजवर कधी न दिलेली खुर्ची आजच का, असं त्याच्या मनात आलं असणार. त्यानं सरळ सांगितलं, "माही पोरगी देवीची प्रार्थना म्हणणार नाही. आमी तो धर्म सोडला."

"तुम्हाला कोणी पाठवलं?" हेडमास्तरांनी हळूच विचारलं. "हे कोण शिकवतं तुम्हा लोकांना?"

"मले कोणी नाही पाठोलं. मी डुटीवून सिधा आलो."

हेडमास्तर म्हणाले, "ठीक आहे. ती ओळीत उभी राहील, म्हणणार नाही. आमची सक्ती नाही."

एवढं बोलणं झालं. बा भांडायच्या तयारीनं गेला होता आणि भांडण झालंच नाही. फाटकाबाहेर येऊन तो मला म्हणाला, "येवढ्या लवकर मानला. दाल में काला हाय. तू ध्यान ठेवजो."

मी ध्यान ठेवू लागले आणि मग माझा सगळा दिवस ध्यान ठेवण्यातच जाऊ लागला. पायरीवर दुसरी मुलगी आली. तिचा सूर तिसऱ्या ओळीला घसरायचा आणि ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या माझ्या घशात दुखायला लागायचं. माझं गणित चुकलं की वाटायचं, मुद्दाम चूक दिली. मला मागच्या रांगेत बसवलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. पाण्याच्या माठावरची बाई मला सगळ्यांत शेवटी पाणी वाढू लागली. की ती आधीपासूनच मला शेवटी वाढत होती आणि मी पाहिलं नव्हतं? प्रार्थनेमुळं झालेलं कोणतं आणि आधीपासूनचं कोणतं, हे कळायला काही मार्ग नव्हता. कुणाला विचारावं तर तो बिचारा हसून म्हणायचा, "छे गं, तसं काही नाही." त्या हसण्याचाही मला संशय यायचा.

दुसऱ्या बाजूचे पालकही गप्प बसले नाहीत. पोरींच्या शिक्षणासाठी गावाकडची शेती भावावर सोपवून अकोल्यात खोली घेतलेले एक कास्तकार होते. ते एक दिवस वर्गाच्या दारात येऊन सगळ्यांदेखत गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, येक पोरगी मुकी उभी राह्यते, तं आमची घरी येऊन इचारते, मंग मीच कावून म्हनू? उद्या समद्या मुक्या झाल्या तं?" गुरुजींनी त्यांना चहाला नेलं. पण त्या दिवसापासून प्रार्थना चालू झाली की गुरुजींच्या पापण्या अर्ध्याच मिटायच्या आणि उरलेली नजर माझ्या तोंडावर असायची.

घरी बा. संध्याकाळी तो विचारायचा, "म्हटली काय आज?"

"नाही."

"तोंडातल्या तोंडात?"

"नाही."

"मनात?"

यावर काय सांगावं? मनातलं नाही म्हणून सांगितलं तरी कोण मानणार? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे नऊ-दहा वर्षांची मी, ओठ सांभाळत.

तेव्हा आमच्या वस्तीत टिनाचं छप्पर टाकून नवीन विहार उभा राहिला होता. तिथं आम्ही पोरं पाली भाषेतली बुद्धवंदना पाठ करत होतो. एका सकाळी शाळेत ओळीत उभी असताना माझ्या घशानं आपली वाट शोधली. चाल शाळेच्या प्रार्थनेची आणि शब्द आमच्या वंदनेचे, असं मी तोंडातल्या तोंडात म्हणू लागले. ते इतकं चपखल बसलं की मला हसू आलं. आवाज शेजारणीलाही ऐकू जात नव्हता, नुसते ओठ हलायचे. बाचा शब्द मोडला नव्हता, शाळेची ओळ मोडली नव्हती आणि मला गायला मिळत होतं. ते थोडे दिवस मी फार सुखात होते. एवढी हुशारी आपल्याला सुचली कशी, याचं मलाच नवल वाटायचं.

आणि मग तो शुक्रवार आला. प्रार्थना संपली आणि गुरुजी स्वतः प्रसादाचं ताट घेऊन माझ्यापाशी आले. गूळ-फुटाण्याची मूठ त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. वरून टाकली नाही, ठेवली. त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. "आलीस ना वळणावर!" ते म्हणाले. त्यांना खरोखर आनंद झाला होता. मी मूठ मिटली आणि सहज फाटकाकडं पाहिलं. फाटकापाशी बा उभा होता. ड्युटीवरून परस्पर आला होता, लाल आणि हिरवी झेंडी काखेत तशीच होती.

घरी येऊन त्यानं झेंड्या खुंटीला लावल्या. "खोटं कावून बोलली?"

मी सगळं सांगितलं.

"म्हणून दाखव."

मी म्हटलं. त्या चालीत, आमच्या शब्दांत, मोकळ्या गळ्यानं. आईचा भाकरी थापणारा हात थांबला. माझं मलाही वाटलं, इतकं चांगलं आपण पायरीवरसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. आता बा खूश होणार, अशी माझी खात्री होती.

"हे तू आत्ता जुळवून म्हणून राह्यली," बा म्हणाला. "अन् खरं असन, तं तोंडातल्या तोंडात कावून? आपली वंदना काय चोरीचा माल हाय? उद्यापासून शाळा बंद."

मी रडले, पाय आपटले, जेवले नाही. मी खरं बोलत होते आणि ते दाखवायला माझ्यापाशी काही नव्हतं. बंद तोंडाच्या आत काय चाललं होतं, याला साक्षीदार कुठून आणायचा?

शाळा वाचवली ती आईनं. ती माझ्या बाजूनं एक अक्षर बोलली नाही. तवा उतरवत ती बाला एवढंच म्हणाली, "बसवा घरी. तो हेडमास्तर पेढे वाटन. येवढ्या लवकर मानला, तो ह्याच्याचसाठी तं नसन?"

बा दचकलाच. "तेच पायजे असन त्याले," तो पुटपुटला. माझ्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, तर हेडमास्तरांवर तो बसला नाही म्हणून माझी शाळा चालू राहिली. अट एकच होती, ओठ हलता कामा नयेत. सोमवारपासून मी ओठ आत ओढून दातांखाली धरू लागले, म्हणजे फाटकातून बघणाऱ्याला आणि ओट्यावरून बघणाऱ्याला, दोघांनाही लांबून दिसावं. पुढच्या शुक्रवारी प्रसाद पुन्हा वरून पडला. मी तो वेचला नाही.

पुढं बाची बदली बडनेऱ्याला झाली आणि आम्ही अमरावतीत राजापेठेला खोली घेतली. नव्या शाळेत प्रार्थना वेगळी होती. तिच्यात कोणत्याच देवाचं नाव नव्हतं, नुसतं सत्य आणि प्रकाश. म्हणायला हरकत नव्हती. पण घंटा झाली की माझे ओठ आपोआप दातांखाली जायचे. तिथल्या बाईंना वाटलं, मला दातांचं दुखणं आहे. त्यांनी लवंग चावायला सांगितली.

साठ सालानंतरची कधीची तरी वैशाखातली पौर्णिमा. अमरावतीच्या आमच्या वस्तीतल्या विहारात सगळे पांढरे कपडे घालून जमले होते. बा दारात उभा राहून एकेकाला सांगत होता, "अकोल्यात आख्खी शाळा हिच्या मांगून म्हनत होती. असा गळा हाय पोरीचा!" ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गळा कुणी बंद केला होता? पण बाचा चेहरा इतका फुलला होता की मला बोलता येईना. त्यानं माझा हात धरून मला सगळ्यांपुढं उभं केलं. बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या. मी फूल वाहिलं, माझ्या हातानं. मग मी म्हणायचं आणि मागून सगळ्यांनी.

सगळ्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. ओठ आत जाऊ बघत होते आणि मी ते बाहेर काढत होते. मागं कुणीतरी खाकरलं.

बा माझ्याजवळ सरकला. इतक्या मायेनं तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. "म्हण ना माय. आता तं समदं आपलंच हाय. इथं तुले कोण पाहून राह्यलं?"

मी सगळीकडं नजर फिरवली. साऱ्या विहारात दोनच डोळे उघडे होते.

"तू," मी म्हटलं. "तू पाहून राह्यला, बा."

मग त्यानं हात जोडले आणि डोळे मिटले. रूळ न बघता गाडी सोडावी, तसं त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी केलं. आता मी म्हणायला हवं होतं. माझे शब्द पाठ होते, चाल पाठ होती. पण मी म्हटलं नाही. बाच्या पापण्या थरथरत होत्या. त्या खरंच मिटल्या आहेत की तो फटीतून अजून बघतोय, एवढंच मी बघत उभी राहिले. शेवटी मागच्या एका म्हातारीनं वंदना सुरू केली.