दहाव्या दिवसापर्यंतची अंडी

अगेलाओस अथेन्सहून लेस्बोस बेटावर परतला तेव्हा तिथल्या पिऱ्हा गावच्या कोळ्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. एवढं तत्त्वज्ञान शिकून आलेला माणूस माशांची पोटं फाडत बसतो! त्याची बायको मिर्तिस मात्र त्याच्याशेजारी बसून कालवाच्या शिंपा उघडून देई. त्याची नजर मंदावली होती. ती बघायची, सांगायची, आणि तो लिहायचा.

त्या वसंतात त्याने वीस अंडी कोंबड्यांखाली ठेवली. रोज एक फोडायचं आणि आत काय घडलंय ते टिपायचं. मिर्तिसला आठवा महिना लागला होता. लग्नानंतर बारा वर्षांनी दिवस गेले होते.

चौथ्या दिवशी ती ओरडलीच, "अहो, रक्ताचा ठिपका आहे! उडतोय बघा, जिवंत आहे!"

"काळीज आहे ते," तो हरखून म्हणाला. "सगळ्यांत आधी तेच होतं."

"आपल्याही बाळाचं?"

"त्याचंही तसंच असणार."

तिने पोटावर हात ठेवला. आतून लाथ बसली आणि दोघंही हसली.

नवव्या दिवशी पोट गप्प झालं. दहाव्या दिवशी अंडं फोडून झाल्यावर तिने नवऱ्याला ते सांगितलं. फिलिन्ना सुईण धावत आली. तिने पोटाला कान लावला आणि बराच वेळ उचललाच नाही. संध्याकाळी मुलगी झाली. नखं, पापण्या, सगळं होतं. रडली मात्र नाही.

फिलिन्नाने तिला मातीच्या रांजणात ठेवलं. "पोरी, रागावू नकोस," ती मिर्तिसला हळूच म्हणाली, "पण घरात गरोदर बाई असताना अंडी फोडायची नसतात."

अगेलाओसने परसात खड्डा खणला. रांजण पुरून हात न धुताच तो आत आला.

"कधी थांबलं हो तिचं काळीज?" मिर्तिसने विचारलं. "कुठल्या घटकेला?"

"मला नाही ठाऊक."

"कोंबडीचं तर दिवसागणिक सांगता!"

तिथेच जमिनीवर बसून तो हुंदके देऊ लागला. लग्नानंतर प्रथमच ती त्याला रडताना पाहत होती.

"अंड्यांमुळे झालं का हो?"

"नाही गं. तसं नसतं. पण ते तुला पटवून कसं देऊ, तेच कळत नाही."

महिन्याभराने तो पुन्हा एक अंडं घेऊन बसला. मिर्तिसने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "पुरे झालं आता." त्यानंतर त्याने अंड्यांचा विषय काढला नाही. मासे, शिंपले, मधमाश्या यांवर आणखी सोळा वर्षं लिहीत राहिला. मूल पुन्हा झालं नाही. शेवटी डोळे पार गेले आणि एका हिवाळ्यात खोकल्याने तोही गेला.

त्याचा शिष्य फाइदिमोस त्याच्या लिखाणाच्या गुंडाळ्या न्यायला अथेन्सहून आला. एक उलगडून त्याने विचारलं, "माई, अंड्यांचं टिपण दहाव्या दिवशीच कसं थांबलं? पुढे काय झालं?"

मिर्तिसने परसाकडे पाहिलं.

"कोंबड्या मेल्या," ती म्हणाली.

"अरेरे! फार मोलाचं काम होतं हो."

"हो, होतं."

त्याने समासात तसं लिहून घेतलं. मिर्तिसने त्याला वाटेसाठी जवाची भाकरी आणि ऑलिव्ह बांधून दिले. होडी दिसेनाशी होईपर्यंत ती किनाऱ्यावर उभी होती. मग रिकाम्या घरात परतली.